पत्ता, पगार आणि पावती

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये सरकारची बरीच दारं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. कलेक्टोरेट या भागात, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं खंडपीठ या भागात, जीवाजी विद्यापीठही जवळच. त्यांच्या भोवती हॉटेलं, खाजगी दवाखाने, शोरूम, कोचिंग क्लास आणि मुलींची होस्टेलं उभी राहिली. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीकडून माणसं इथे शिकायला येतात आणि कामालाही येतात. दवाखान्याच्या दारावरचा गार्ड, होस्टेलच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी बाई, शोरूममध्ये उभ्याने बारा तास काढणारा मुलगा या सगळ्यांना तीन ठिकाणांहून काहीतरी येणं असतं. राज्याकडून योजनेचे पैसे, मालकाकडून पगार, आणि घरमालकाकडून डोक्यावरच्या छपराची हमी.

या तिन्ही गोष्टींचे कायदे वेगळे, कार्यालयं वेगळी, माहिती देणारी माणसंही वेगळी. त्यामुळे त्यांचा विचारही तुकड्यातुकड्यानेच होतो. लाडली बहना योजनेवर लिहिणारा किमान वेतनावर लिहीत नाही, आणि भाडेकायद्याचा वकील समग्र आयडीकडे बघत नाही. ज्याला हे सगळं एकाच महिन्यात निभवायचं असतं, त्याच्यापुढे मात्र तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात, आणि माझ्या मते त्यांची गाठ भाड्याच्या खोलीपाशी आहे. खोलीचा कागद नसेल तर पत्ता सिद्ध होत नाही, पत्ता नसेल तर योजना गावाकडेच राहते, आणि गावाला जाऊन काम करून आणायचं तर दोन दिवसांचा पगार बुडतो.

योजनांपासून सुरुवात करू. मध्य प्रदेशात सरकारी लाभाची किल्ली म्हणजे समग्र. प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी आणि प्रत्येक सदस्याला नऊ आकडी क्रमांक असतो. रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, लाडली बहना, सगळं त्यावरूनच चालतं. महाराष्ट्रातून इथे आलेल्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो. आधार आहे, पॅन आहे, बँक खातं आहे, तरी कियोस्कवरचा मुलगा विचारतो, ‘समग्र है?’ सून नागपूरची असो की कोल्हापूरची, सासरच्या कुटुंबाच्या समग्रमध्ये तिचं नाव चढेपर्यंत राज्याच्या लेखी ती त्या घरात नसतेच.

लाडली बहना योजनेचा पहिला हप्ता 10 जून 2023 ला एक हजार रुपयांचा गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तो 1,250 झाला आणि नोव्हेंबर 2025 पासून 1,500. 21 ते 60 वयाच्या विवाहित स्त्रिया, तसंच विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता पात्र. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात कोणी आयकर भरणारा किंवा सरकारी नोकर नसावा. सव्वा कोटीहून जास्त बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे पडतात आणि त्याची किंमत कमी लेखण्याचं कारण नाही. स्वतःच्या नावावरच्या खात्यात नियमाने येणारी रक्कम घरातल्या बाईचं बोलणं बदलते. पण ऑगस्ट 2023 नंतर नवीन नोंदणीची खिडकी दीर्घकाळ बंद राहिली. त्यानंतर 21 वर्षांची झालेली, त्यानंतर लग्न होऊन या राज्यात आलेली, किंवा तेव्हा केवळ समग्रची केवायसी अडली म्हणून राहिलेली बाई बाहेरच राहिली. हक्क म्हणून दिलेली गोष्ट ठरावीक दिवसांच्या शिबिरावर अवलंबून असणं मला अजिबात पटत नाही.

आणखी एक वगळणूक आहे. लग्न न झालेली, चाळिशीची, म्हाताऱ्या आईला सांभाळणारी बाई या योजनेत बसत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत अशा बायका कमी नाहीत. शिकवण्या घेऊन, शिवणकाम करून त्यांनी घर ओढलेलं असतं. महाराष्ट्रात जुलै 2024 पासून सुरू झालेल्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेत 21 ते 65 वयोगट धरला आणि कुटुंबातल्या एका अविवाहित स्त्रीलाही जागा ठेवली. दोन्ही राज्यांची उत्पन्नाची अट तीच, म्हणजे अडीच लाख. आधी आलेल्या योजनेतली उणीव मागून येणाऱ्याने भरून काढली, ती सुधारणा मूळ राज्याने उचलायला हरकत नव्हती.

योजना आपापल्या रहिवाशांपुरत्या असतात. दोन राज्यांत पाय असलेल्या मराठी कुटुंबांनी हे नीट ध्यानात ठेवावं. दोन्हीकडे अर्ज करून ठेवणं अंगाशी येतं, आणि कुठेच न करणं तर त्याहून वाईट. रेशनचं मात्र बदललं आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे मुरैनाच्या कार्डावरचं धान्य ग्वाल्हेरच्या दुकानातून उचलता येतं. अन्नसुरक्षा कायद्याखालचं माणशी पाच किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेचं पाच लाखांपर्यंतचं उपचारांचं संरक्षण आहे. लष्कर भागातल्या कित्येक पेन्शनर आजी-आजोबांनी अजून ते कार्ड काढलेलं नाही, कारण ‘आपण कुठे गरीब’ असं त्यांना वाटतं. त्यांनी काढावं. असंघटित कामगारांसाठी 2018 पासून राज्याची संबल योजना आहे: कमावत्या माणसाचा नैसर्गिक मृत्यू झाला तर कुटुंबाला दोन लाख, अपघाती मृत्यूला चार लाख, बाळंतपणाला सोळा हजार. नोंदणी मात्र जिवंतपणी झालेली हवी. म्हणून तिची चौकशी माणूस धडधाकट असतानाच करायची असते.

अर्ज अडला तर काय करायचं, याबाबत मध्य प्रदेशाच्या हातात देशातलं एक चांगलं साधन आहे आणि त्याचा पुरेसा गवगवा होत नाही. लोकसेवा हमीचा कायदा करणारं हे पहिलं राज्य, 2010 साली. मूल निवासी दाखला असो वा उत्पन्नाचा, लोकसेवा केंद्रात अर्ज दिला की पावती मिळते आणि पावतीवर तारीख असते. ती तारीख उलटली की अपील करता येतं. दुसऱ्या अपिलात अधिकाऱ्याला उशिराबद्दल दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पाच हजारांपर्यंत, दंड होऊ शकतो. महाराष्ट्राने असा कायदा 2015 मध्ये केला. अडचण अशी की लोक ती पावती जपत नाहीत. कियोस्कवाल्याने मोबाईलवर फोटो दाखवला की काम झालं असं समजतात. याखेरीज 181 ची सीएम हेल्पलाईन आहे आणि दर मंगळवारची कलेक्टोरेटमधली जनसुनवाई आहे. हेल्पलाईनची तक्रार खालच्या अधिकाऱ्यापासून चार पायऱ्या वर चढते. तक्रार मिटवण्यासाठी फोन येतो, ‘आपका काम हो जाएगा, बंद करवा दीजिए’ म्हणून गळ घातली जाते. काम हातात पडल्याशिवाय हो म्हणू नये. या एका गोष्टीत भिडस्तपणा महागात पडतो.

पगाराचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तिथे समोर सरकार नसतं, मालक असतो.

इकडे किमान वेतनाला सर्रास ‘कलेक्टर रेट’ म्हणतात. ते दर खरं तर इंदूरच्या श्रम आयुक्त कार्यालयातून निघतात आणि एप्रिल व ऑक्टोबर असे वर्षातून दोनदा महागाई भत्त्याने थोडेसे वाढतात. मूळ दर मात्र निदान पाच वर्षांतून एकदा नव्याने ठरवायला हवेत, असं 1948 चा किमान वेतन कायदा सांगत होता. मध्य प्रदेशात 2014 नंतर थेट 2024 उजाडलं. 1 एप्रिल 2024 पासून अकुशल कामगाराला महिना 11,800, अर्धकुशलला 12,796, कुशलला 14,519 आणि उच्च कुशलला 16,144 रुपये ठरले. ही वाढ खिशात पडते न पडते तोच मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने गिरणीमालकांच्या याचिकेवर तिला स्थगिती दिली. एका महिन्यात वाढलेला पगार पुढच्या महिन्यात पुन्हा खाली आला. स्थगिती उठायला 3 डिसेंबर 2024 उजाडला. त्यानंतर एप्रिल 2024 पासूनच्या फरकाची मागणी संघटनांनी लावून धरली. संघटना ज्यांच्यापर्यंत पोचत नाहीत अशा सिटी सेंटरच्या दुकान-दवाखान्यांतल्या माणसांना मात्र आपलं काही येणं आहे हेच अनेकदा माहीत नसतं.

आता दारावरच्या गार्डचा हिशेब जरा जवळून बघा. एप्रिल 2024 चा दर धरून 11,800 ला 26 दिवसांनी भागलं तर दिवसाचे सुमारे 454 रुपये होतात, आठ तासांच्या कामाचे. तासाचे साधारण 57. गार्डची ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे बारा तास. वरचे चार तास ओव्हरटाईम आणि ओव्हरटाईमचा दर दुप्पट, म्हणजे त्या चार तासांचे आणखी 454. दिवसाचे 908, महिन्याचे 23,600. तेही त्याला अगदी अकुशल धरून आणि साप्ताहिक सुट्टी देऊन. गार्ड स्वतः सांगतो की हातात अकरा-बारा हजार येतात आणि ‘कलेक्टर रेट मिळतो’ म्हणून तो समाधानीही असतो. त्याला बारा तासांसाठी आठ तासांचा पगार मिळतोय हे त्याला कोणी बसून सांगितलेलं नसतं. एजन्सीकडे विचारलं तर ती दवाखान्याकडे बोट दाखवते, दवाखाना एजन्सीकडे. कायद्यात याचं उत्तर पूर्वीपासून आहे: कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर ज्याच्याकडे काम चालतं त्या मूळ मालकावर ते देण्याची जबाबदारी येते.

सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात म्हटलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठबिगारी आहे. कमी पगार म्हणजे मालकाची थोडी कंजुषी, असं आपण सहज म्हणून जातो. घटना त्याकडे कितीतरी गंभीरपणे बघते.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेमुळे किमान वेतनाचा हक्क ठरावीक यादीतल्या धंद्यांपुरता न राहता सगळ्या आस्थापनांतल्या कामगारांना मिळाला. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, नोकरी सुटली तर हिशेब दोन कामकाजी दिवसांत, आणि थकलेल्या पगाराचा दावा करायला तीन वर्षं. जुन्या किमान वेतन कायद्यात ही मुदत सहा महिन्यांची होती. नोकरीत असताना कोणी तक्रार करत नाही, सुटल्यावरच करतो, त्यामुळे हा फरक मोठा आहे. संहितांमधल्या संपाच्या आणि कामगारकपातीच्या तरतुदींवर संघटनांचे तीव्र आक्षेप आहेत आणि त्यांतले बरेचसे मला रास्त वाटतात. तरीही ही तीन वर्षं कामगाराच्या पदरात पडलेली खरी गोष्ट आहे.

दावा करायला पुरावा लागतो. हजेरीचा फोटो, बँकेतली नोंद, व्हॉट्सॲपवर आलेला ड्यूटीचा निरोप, ईएसआयसीचा क्रमांक. रोख पगार घेणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. 21 हजारांपर्यंतच्या पगारावर कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के ईएसआयसीला जातात, पीएफला दोघांचे बारा-बारा टक्के. मालकाचा हिस्सासुद्धा कामगाराच्या पगारातून कापायचा आणि वर ‘तुझाच पीएफ भरतोय’ म्हणायचं, हा आउटसोर्सिंगमधला रुळलेला प्रकार आहे आणि तो बेकायदा आहे. उमंग ॲपवर पासबुक बघितलं की कापलेले पैसे खरंच भरले जातात की नाही हे पाच मिनिटांत कळतं.

पगार बुडाल्यावर काय होतं हे ग्वाल्हेरने एकदा पाहिलेलं आहे. बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल, लोकांच्या तोंडी जेसी मिल, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी दशकांमागून दशकं लटकली आणि मिलच्या लाइनींमधल्या घरांचा प्रश्नही त्याच्याबरोबर लटकला. इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या सुमारे 4,800 कामगारांना मिल बंद पडल्यावर बत्तीस वर्षांनी, 25 डिसेंबर 2023 ला, 224 कोटींच्या देण्याचा निकाल लागलेला दिसला. तोवर त्यांतले कितीतरी हयात नव्हते. पगार आणि घर या एकाच माणसाच्या दोन बाजू आहेत, हे मिलच्या लाइनींमध्ये उघड दिसायचं. सिटी सेंटरमध्ये खोली एकाची आणि नोकरी दुसऱ्याची, म्हणून ते दिसत नाही.

आता त्या खोलीकडे येऊ. ग्वाल्हेरमध्ये भाड्याचे दोन वेगळे काळ शेजारी शेजारी नांदतात. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ पडला तिथे लष्कर वसलं, आणि त्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये आजही काही भाडेकरू दोन-तीन पिढ्यांपासून राहतात, नाममात्र भाड्यावर. मालकही मराठी, भाडेकरूही मराठी, गणपतीत एकमेकांकडे येणं-जाणं, आणि कोर्टात तारखाही चालू. दुसरा काळ सिटी सेंटरचा: अकरा महिन्यांचा किरायानामा किंवा तोंडी व्यवहार, दर वर्षी दहा टक्के वाढ, आणि ‘पटत नसेल तर महिन्याअखेर खोली रिकामी करा’.

दोघांनाही लागू पडतो तो 1961 चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम. बहुतेक भाडेकरूंना यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट माहीत नसते. या कायद्याखाली अकरा महिने संपले, एवढ्याच कारणावरून भाडेकरूला काढता येत नाही. बाराव्या कलमात दिलेल्या कारणांपैकी एखादं सिद्ध करावं लागतं: नोटीस देऊनही दोन महिन्यांत न भरलेलं थकीत भाडं, मालकाची स्वतः राहण्याची वा धंद्याची खरी गरज, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, अशी. थकबाकीचा दावा पडला तरी समन्स मिळाल्यापासून महिन्याभरात थकबाकी भरून पुढे दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भाडं जमा करत राहिलं, तर संरक्षण मिळतं. मालकाने मुद्दाम भाडं घ्यायचं थांबवलं तर ते भाडेनियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जमा करता येतं. वीज-पाणी तोडून माणसाला हुसकावणं तर कायद्याने मनाच आहे. महाराष्ट्रातून आलेल्यांना ‘लीव्ह अँड लायसन्स’ची सवय असते, तिथे मुदत संपली की जागा सोडावीच लागते; इथे तसं नाही.

मालकाची बाजूही खरी आहे. नवरा गेल्यावर वाड्याच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणारी बाई, सेवानिवृत्त शिक्षक, यांना दिवाणी कोर्टात वीस वर्षं घालवणं परवडत नाही. म्हणून 1983 मध्ये या कायद्यात एक वेगळं प्रकरण घातलं गेलं. विधवा, घटस्फोटिता, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा मालकांना खऱ्या गरजेसाठी थेट डेप्युटी कलेक्टर दर्जाच्या भाडेनियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे भाडेकरूने समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही, तर निकाल सरळ त्याच्याविरुद्ध जातो. ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये दोन्ही बाजूंना हे माहीत असायला हवं. कितीतरी मालकिणी अजून जुन्या रस्त्याने दावे लावत बसतात आणि कितीतरी भाडेकरू पंधरा दिवस वकील शोधण्यात घालवतात.

या कायद्याची खरी उणीव सिटी सेंटरमध्ये दिसते. तो जुन्या भाडेकरूला घट्ट धरून ठेवतो आणि नव्यापर्यंत प्रत्यक्षात पोचतच नाही. कोचिंगला आलेली मुलगी होस्टेलच्या खाटेचे पैसे देते. त्या खाटेचा व्यवहार भाडेपट्टा की नुसती राहण्याची परवानगी, हेच संदिग्ध राहतं. अनामत परत मिळत नाही आणि ती दिल्याचा कागदही नसतो. केंद्राच्या 2 जून 2021 च्या नमुना भाडेकायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती आणि मालकाला आत यायचं तर चोवीस तासांची सूचना, अशा तरतुदी आहेत. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय इथल्या होस्टेलला बांधत नाही.

या बाबतीत महाराष्ट्राकडे एक तरतूद आहे आणि ती मध्य प्रदेशाने शब्दशः घ्यावी असं मला मनापासून वाटतं. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या 55 व्या कलमाने भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली. करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. या एका कलमाने कागद करण्याचा ओढा उलटा होतो. आज सिटी सेंटरमध्ये कागद नसण्यात मालकाचा फायदा आहे. त्या कलमाखाली कागद नसण्यात मालकाचा तोटा झाला असता.

आणि कागद झाला की बाकीच्या गोष्टी आपोआप सुटायला लागतात. किरायानाम्यावर आधारचा पत्ता बदलता येतो, समग्र शहरात आणता येतं, मतदार यादीत नाव घालता येतं. आज मालक किरायानामा देत नाही म्हणून लोक नगरसेवकाच्या प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालतात. गंमत नव्हे, दुःख याचं आहे की भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश जिल्हादंडाधिकारी काढतात, मालक तो फॉर्म भरून देतोही. म्हणजे संशयाच्या कामासाठी भाडेकरूची नोंद होते, हक्काच्या कामासाठी होत नाही. त्याच फॉर्मसोबत साध्या किरायानाम्याची एक प्रत भाडेकरूच्या हातात देणं सक्तीचं केलं, तर नवीन कार्यालय लागणार नाही आणि नवा खर्चही नाही.

भांडण कोर्टात गेलंच, तर स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली. जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय असतं आणि 15100 हा क्रमांक देशभर चालतो. होस्टेलमधल्या मुलींनी तो मोबाईलमध्ये ठेवावा.

या सगळ्या रचनेबाहेर अजून एक मोठा गट उरतो, घरकाम करणाऱ्या बायकांचा. वेतन संहिता आस्थापनांना लागू होते आणि घर ही आस्थापना धरली जात नाही. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण तोही पगार ठरवत नाही. 29 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं. तसा कायदा येईपर्यंत सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचा पगार, तिची साप्ताहिक सुट्टी आणि आजारपणातले दिवस हे त्या चार घरांच्या मर्जीवर आहेत. त्या घरांमध्ये आपली घरंही आहेत. तिला अकुशल कामगाराच्या तासाच्या दराने पगार द्यायला, तो बँकेत टाकायला आणि तिच्या संबल नोंदणीसाठी एक दिवसाची पगारी सुट्टी द्यायला कोणत्याही समितीच्या अहवालाची गरज नाही.